भुलेतली रिॲक्शन: आधी बीपी कोसळतं, पुरळ मागाहून

समजा, पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आहे. पेशंट पंचेचाळिशीतली, वजन ६० किलो. ९ वाजून १० मिनिटांनी झोप आणणारं प्रोपोफॉल, पाठोपाठ स्नायू ढिले करणारं औषध, मग घशात नळी. सगळं सुरळीत. ९:१४ ला अँटिबायोटिक शिरेतून जातं. ९:१७ ला बीपीचा पट्टा फुगतो आणि आकडा येतो, ६८ वर ४०. भुलेमुळे उतरलं असेल, असं म्हणून बीपी वाढवणाऱ्या मेफेंटरमाईनचे ६ मिलिग्रॅम दिले जातात. पट्टा पुन्हा फुगतो, या वेळी बराच वेळ फुगलेलाच राहतो आणि आकडाच लागत नाही. नाडी १३२. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ३४ वरून १८ वर आलेला. अंगावर ना पुरळ, ना सूज.

ही ॲनाफिलॅक्सिस आहे, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. पुरळ नाही म्हणून ती नाकारली, तर पुढची पाच मिनिटं वाया जातात, आणि इथे पाच मिनिटं फार असतात.

ॲलर्जी म्हटलं की अंगावर उठलेल्या गांधी, सुजलेले ओठ, खाजवून लाल झालेली कातडी असंच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. ऑपरेशन टेबलावर हे चित्र दगा देतं. पेशंट झोपलेली असते, त्यामुळे "तळहात खाजतायत", "जीव घाबरा होतोय" हे सांगायला कुणी नसतं. अंग मानेपासून पायापर्यंत हिरव्या कापडांखाली झाकलेलं. शिवाय पुरळ दिसायला कातडीत रक्त पोचावं लागतं. बीपी ५० च्या खाली गेलं की कातडी पांढरीफटक पडते आणि गांधी उठतात त्या उपचारानंतर, बीपी परत आल्यावर. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने अशा २६६ गंभीर प्रसंगांचा अभ्यास करून २०१८ मध्ये अहवाल काढला. त्यात जवळपास निम्म्या पेशंटमध्ये पहिलं लक्षण घसरलेलं बीपी होतं. पुरळ हे पहिलं लक्षण क्वचितच होतं. प्रमाण निघालं साधारण दहा हजार भुलांमागे एक, आणि २६६ पैकी १० जण दगावले. म्हणजे एखाद्या भूलतज्ज्ञाला उभ्या कारकिर्दीत हे दोन-चारदा दिसणार. सवय होण्याइतकं वारंवार नाही आणि विसरून चालेल इतकं दुर्मीळही नाही. अडचण नेमकी इथेच आहे.

शरीरात होतं काय? कातडीत, फुप्फुसात, रक्तवाहिन्यांच्या आसपास मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टॅमिन, ट्रिप्टेज वगैरे रसायनं भरलेली असतात. अनेकदा शरीराने त्या औषधाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच बनवून या पेशींवर चिकटवलेली असतात. औषध आलं, त्यांना जोडलं गेलं, की पेशी एकदम फुटल्यासारख्या रिकाम्या होतात. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि गळायलाही लागतात. दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतला एक-तृतीयांशाहून अधिक द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपू शकतो. बाहेर थेंबभर रक्त सांडलेलं नसतं, पण हृदयाकडे परतायला रक्तच उरत नाही. हृदय जोरात धावतं, पण रिकामं धावतं. फुप्फुसांकडे रक्त कमी गेल्याने कार्बन डायऑक्साइडचा आलेखही खाली येतो. म्हणून तो १८ चा आकडा बीपीइतकाच बोलका आहे.

या प्रकाराला नाव दिलं पॉल पोर्तिए आणि शार्ल रिशे या फ्रेंच संशोधकांनी, १९०२ मध्ये. समुद्रफुलाच्या विषाची सवय लावून कुत्र्यांना वाचवता येईल असा त्यांचा होरा होता. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेले कुत्रे काही आठवड्यांनी त्याहून कमी मात्रेने मिनिटांत कोसळले. रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. "आधी एकदा घेतलेलं औषध दुसऱ्यांदा बाधतं" हा नियम इथूनच रूढ झाला. भुलेच्या खोलीत मात्र तो पुरता लागू पडत नाही. स्नायू ढिले करणाऱ्या औषधांची रिॲक्शन आयुष्यातल्या पहिल्याच भुलेतही येऊ शकते, कारण त्यांच्या रेणूतला एक भाग रोजच्या वापरातल्या इतर काही रसायनांतही असतो आणि शरीर तिथेच तयार होऊन बसलेलं असतं. "याआधी भूल घेतलीच नाही, मग ॲलर्जी कशी असेल" हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही.

ॲड्रेनॅलिन, आणि त्याचं गणित

उपचार एका शब्दात सांगायचा तर ॲड्रेनॅलिन. ते रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाची ताकद वाढवतं, आवळलेल्या श्वासनलिका सैल करतं आणि मास्ट पेशींमधून पुढची गळती रोखतं. ही चारही कामं करणारं दुसरं औषध ट्रॉलीवर नाही. मेफेंटरमाईन किंवा फिनाईलेफ्रिनच्या दोन डोसांना बीपी दाद देत नसेल, तर तिसरा डोस भरू नये, ॲड्रेनॅलिन भरावं.

घोटाळा होतो तो मात्रेत. आपल्याकडची अँप्यूल १ मिलीची असते आणि त्यात १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम औषध असतं. नाडी लागतेय अशा मोठ्या माणसाला शिरेतून पहिला डोस हवा ५० मायक्रोग्रॅम. अख्खी अँप्यूल तशीच शिरेतून गेली तर तो वीसपट डोस झाला. बीपी २५० च्या वर, हृदयाची लय बिघडलेली, फुप्फुसात पाणी, क्वचित मेंदूत रक्तस्राव. ॲलर्जीतून वाचलेला पेशंट उपचाराने जाण्याची ही वाट.

म्हणून १० मिलीच्या सिरिंजमध्ये एक अँप्यूल आणि ९ मिली सलाईन. आता दर मिलीत १०० मायक्रोग्रॅम. अर्धा मिली दिला की ५० मायक्रोग्रॅम. दिल्यावर शिरेच्या नळीतून सलाईन ढकलायचं, नाहीतर औषध नळीतच बसून राहतं आणि "असर नाही" म्हणून दुसरा डोस दिला की दोन्ही एकदम आत जातात. मिनिटभर बीपी आणि आलेख बघायचा, गरज लागली तर पुन्हा अर्धा मिली. बीपी लागतच नसेल, तर १ ते २ मिली, म्हणजे १०० ते २०० मायक्रोग्रॅम. हृदय थांबलं तरच पूर्ण १ मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी.

मुलांसाठी शिरेतून किलोमागे १ मायक्रोग्रॅम. १८ किलोच्या मुलाला १८ मायक्रोग्रॅम मोजायला वरची सिरिंज फार तीव्र पडते. तिच्यातला १ मिली घेऊन पुन्हा १० मिली करायचा. दर मिलीत १० मायक्रोग्रॅम होतात, मुलाला १.८ मिली. दोन्ही सिरिंजवर लेबल हवंच. टेबलावर दोन सारख्या सिरिंज, दोन्हींत पाण्यासारखा द्रव आणि फरक दहापटीचा, याहून धोकादायक मांडणी शोधून सापडणार नाही.

शीर सापडत नसेल, मॉनिटर नसेल किंवा पेशंट वॉर्डात असेल, तर हिशेब सोपा: न पातळ केलेलं अर्धा मिली, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. दंडापेक्षा मांडीतून ते लवकर चढतं. कातडीखाली देऊ नये, तिथून रक्तात यायला वेळ लागतो. वॉर्डातल्या सिस्टरने डॉक्टर येईपर्यंत थांबावं असं यात काही नाही, फक्त तसा लेखी आदेश वॉर्डात आधीपासून लावलेला हवा.

शिरेतून तीन डोस देऊनही बीपी टिकत नसेल, तर पंपावर सुरू करायचं. ५० मिलीत ३ मिलिग्रॅम घातलं की तासाला १ मिली म्हणजे बरोबर मिनिटाला १ मायक्रोग्रॅम. तासाला ३ मिलीने सुरुवात करून वाढवत न्यायचं. घाईत डोकं चालत नाही तेव्हा असं सरळ गणित फार उपयोगी पडतं.

सलाईन कमी पडतं, सुई बारीक असते

ॲड्रेनॅलिनइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे द्रव. रक्तवाहिन्या गळतायत, तर आत ओतायला हवं. किलोमागे २० मिली, म्हणजे आपल्या ६० किलोच्या पेशंटला १२०० मिली, आणि तेही भराभर, बाटली दाबून. एकूण दोन-चार लिटरही लागतात. हात आखडता घेणं ही इथली नेहमीची चूक. इथे आधी लावलेली सुई आडवी येते. निळी २२ नंबरची सुई मिनिटाला साधारण ३५ मिली सोडते, हिरवी १८ नंबरची ९० च्या आसपास. आकडे सुईच्या पाकिटावरच छापलेले असतात. निळ्या सुईतून ५०० मिलीची एक बाटली जायला चौदा मिनिटं. "छोटंसं तर ऑपरेशन आहे" म्हणून लावलेली बारीक सुई ऐनवेळी भारी पडते.

बाकीची कामं एकाच वेळी, वेगवेगळ्या हातांनी: मदतीला हाक मारणं, ऑक्सिजन १०० टक्के, पाय वर, शस्त्रक्रिया थांबवणं, आणि संशयित गोष्ट बंद करणं. गरोदर असेल तर गर्भाशय डावीकडे सरकवायचं. एकाने फक्त घड्याळ बघून डोस आणि वेळ लिहायची. पुढे ट्रिप्टेजच्या चाचणीला हाच कागद लागतो. वरचं बीपी ५० च्या खाली गेलं किंवा कार्बन डायऑक्साइड २० च्या खाली घसरला, तर मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसत असले तरी छाती दाबायला सुरुवात करायची. आपल्या पेशंटचे १८ झाले होते. ठोके दिसतात म्हणून कुणी छातीला हात लावायला धजत नाही, पण रिकामं हृदय मेंदूपर्यंत काही पोचवत नसतं.

आता एविल. आपल्याकडे रिॲक्शन म्हटलं की पहिला हात एविल आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या अँप्यूलकडे जातो. एविल हिस्टॅमिनला अडवतं, पण हिस्टॅमिन तर आधीच आपलं काम करून गेलेलं असतं आणि बाकीची रसायनं एविलला जुमानत नाहीत. शिरेतून झटकन दिलं तर ते बीपी आणखी उतरवू शकतं. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला तास जातात. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१ च्या सूचनांत एविलसारख्या अँटिहिस्टॅमिनला तातडीच्या पहिल्या उपचारांतून वगळलं आहे. पेशंट सावरल्यावर खाजेसाठी एविल द्यायला हरकत नाही. ते दिलं म्हणजे उपचार झाला हा समज मात्र माणसं मारतो.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील, तर ॲड्रेनॅलिनचा जोर कमी पडतो. अशा वेळी ग्लुकागॉन १ मिलिग्रॅम सावकाश शिरेतून देतात, गरजेप्रमाणे पुन्हा. छोट्या हॉस्पिटलांत ते फ्रिजमध्ये नसतंच, तेव्हा अशा पेशंटसाठी आधीच मागवून ठेवलेलं बरं. श्वासनलिका आवळल्या असतील तर साल्ब्युटामॉल, पण आधी घशातली नळी जागेवर आहे ना, मुरगळली नाही ना, ते बघून.

प्रत्येक घसरलेलं बीपी ॲलर्जीचं नसतं, हेही खरं. रक्तस्राव, वर चढलेली स्पायनल (पाठीच्या कण्यात दिलेली भूल), फुप्फुसाभोवती अडकलेली हवा, सिझेरियनमध्ये भसकन दिलेलं ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आवळणारं औषध, सांधेबदलात हाडात भरलेलं सिमेंट, सगळे हेच रूप घेऊन येतात. स्पायनलखाली तर दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात. फरक एवढाच की तिथे पेशंट जागी असते. तिने तळहाताला खाज सुटल्याचं किंवा पोटात मुरडा येतोय असं म्हटलं, तर ते बीपीच्या आकड्याइतकं गांभीर्याने घ्यावं.

चोर कोण

ब्रिटिश पाहणीत जिथे कारण ठरवता आलं, तिथे जवळपास निम्मी प्रकरणं अँटिबायोटिकची होती, एक-तृतीयांश स्नायू ढिले करणाऱ्या औषधांची. तिसऱ्या क्रमांकावर क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, साधारण ९ टक्के. चौथी निळी शाई: स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली गाठ शोधायला टोचतात ती पेटंट ब्लू. तिची रिॲक्शन उशिरा, अर्ध्या-एक तासानेही येते, आणि शाईमुळे बोटावरचा ऑक्सिजनचा आकडाही खोटा कमी दिसतो.

क्लोरहेक्झिडिनवर जरा थांबायला हवं, कारण ते औषध म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. कातडी पुसायच्या द्रावणात ते असतं, लघवीची नळी घालताना वापरायच्या काही जेलींत असतं, मानेतल्या शिरेत घालायच्या काही नळ्यांवर त्याचा थर असतो, आणि घरच्या माउथवॉशमध्येही. रिॲक्शन आली, बीपी पडलं, म्हणून मानेत मोठी नळी घातली आणि पेशंट आणखी खालावली, असं झालं तर नळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचावं. थर क्लोरहेक्झिडिनचा असेल तर नळी काढावी लागते.

रबरी हातमोज्यांच्या लॅटेक्सचा एकेकाळी फार दरारा होता. पावडर नसलेले आणि लॅटेक्स नसलेले मोजे आल्यापासून तो ओसरला. त्या २६६ प्रसंगांत लॅटेक्सचा एकही नव्हता. पण ज्याचे फुगा फुगवताना ओठ सुजतात किंवा केळं, पपई, किवी खाल्ल्यावर घसा खाजतो, त्याने भूलतज्ज्ञाला तसं सांगावं. जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेल्या आणि वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना हा धोका जास्त.

औषधाशिवायही रिॲक्शन येते. यकृतातली हायडॅटिड गाठ ही कुत्र्याच्या पोटातल्या फीतकृमीमुळे होणारी, मेंढरांच्या आसपास राहणाऱ्यांत आढळणारी गाठ. शस्त्रक्रियेत ती फुटून आतला पाण्यासारखा द्रव पोटात सांडला तर शरीर त्यालाच भिडतं. म्हणून सर्जन गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप रचतात, आणि भूलतज्ज्ञाची पातळ केलेली ॲड्रेनॅलिनची सिरिंज गाठीला हात लावण्याआधीच तयार असते.

टेस्ट डोस आणि "पित्ताची ॲलर्जी"

वॉर्डात अँटिबायोटिक द्यायच्या आधी हातावर टोचून बघायची पद्धत आपल्याकडे घरोघरीच्या पापडासारखी रुळलेली आहे. ती फारशी राखण करत नाही. किती पातळ करायचं याचं ठरलेलं प्रमाण पाळलं जात नाही, त्यामुळे औषधाच्या नुसत्या आगीने आलेली लाली ॲलर्जी ठरते. उलट काहीच उठलं नाही म्हणून पूर्ण डोस निर्धास्तपणे दिला, तरी रिॲक्शन येऊ शकते. आणि ज्याला खरीच तीव्र ॲलर्जी आहे त्याला तो थेंबही पुरतो. त्यापेक्षा उपयोगी सवय अशी: अँटिबायोटिक भुलेच्या आधी, पेशंट जागी असताना, मॉनिटर लावून द्यायचं आणि पाच-दहा मिनिटं थांबून मग पुढची औषधं. अँटिबायोटिकची गंभीर रिॲक्शन बहुधा एवढ्याच अवधीत दिसते. पेशंट बोलू शकते, आणि चोर कोण हेही लगेच कळतं. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक मात्र सावकाशच, १ ग्रॅमला निदान एक तास. घाई केली तर मान-चेहरा लालबुंद होतो, आणि हा प्रकार बऱ्याचदा ॲलर्जीचा नसतोच.

भुलेपूर्व तपासणीत "कशाची ॲलर्जी?" एवढं विचारून भागत नाही. आपल्या बोलीत अंगावर गांधी उठल्या तरी "पित्त उठलं" आणि आंबट ढेकर आले तरी "पित्त झालं". पेशंट म्हणतो मला पित्ताचा त्रास, आणि कागदावर लिहिलं जातं ॲसिडिटी. म्हणून विचारावं: गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर अंग कधी खाजलं का, ओठ-डोळे सुजले का, दम लागला का, किती वेळाने, कोणतं औषध.

लहानपणी कुणीतरी सांगितलेली "पेनिसिलीनची ॲलर्जी" तपासून पाहिली तर दहातल्या नऊ जणांत नसते. तरी त्या शिक्क्यापायी त्यांना टायकोप्लॅनिनसारखी दुसरी अँटिबायोटिक दिली जातात, आणि ब्रिटिश पाहणीत सर्वाधिक रिॲक्शन ज्यांच्यामुळे आल्या त्यांत तेच होतं. कोळंबी-खेकड्याने खाज येणाऱ्या कोकणातल्या पेशंटला आयोडीनची भीती घालायचं कारण नाही. ती ॲलर्जी कवचवाल्यांच्या प्रथिनाची असते. अंड्याची ॲलर्जी असली तरी प्रोपोफॉल सहसा चालतं. दाताच्या डॉक्टरकडे "भुलेची ॲलर्जी" झालेल्यांत बहुतेकांना चक्कर आलेली असते किंवा औषधातल्या ॲड्रेनॅलिनने धडधडलेलं असतं.

नंतरचे काही आठवडे

पेशंट सावरली तरी पुढचे १२ ते २४ तास आयसीयूत, कारण लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात. त्याच वेळी ट्रिप्टेजसाठी रक्त घ्यायचं: पहिला नमुना जीव स्थिरावताच, दुसरा रिॲक्शननंतर एक-दोन तासांनी, चार तासांच्या आत, आणि तिसरा २४ तासांनंतर, तिची नेहमीची पातळी कळावी म्हणून. वाढलेला आकडा नेहमीच्या पातळीच्या १.२ पट अधिक २ यापेक्षा जास्त असेल, तर मास्ट पेशी फुटल्याचं धरतात. समजा नेहमीची पातळी ५ आहे. मग ८ च्या वर गेलेला आकडा संशयित, जरी लॅबच्या छापील मर्यादेत बसत असला तरी. ट्रिप्टेज वाढलं नाही म्हणजे रिॲक्शन नव्हतीच, असं मात्र नाही. नमुने पाठवायची सोय नसेल तर घड्याळाप्रमाणे लिहिलेला कागद तरी जपून ठेवावा.

कोणत्या औषधाने झालं ते ठरवायला कातडीवरच्या चाचण्या चार ते सहा आठवड्यांनी करतात. लगेच केल्या तर मास्ट पेशी रिकाम्या असतात आणि निकाल खोटा नकारात्मक येतो. स्नायू ढिले करणारं रोक्युरोनियम दोषी ठरलं तर ॲट्राक्युरियम, व्हेक्युरोनियमसारखी त्याची भावंडंही तपासावी लागतात.

पेशंटच्या हातात जे पत्र द्यायचं त्यात त्या दिवशी दिलेलं प्रत्येक औषध वेळेसकट हवं. कातडी कशाने पुसली, कोणती जेली वापरली, नळीचा ब्रँड कोणता, मोजे कसले, तेही. डिस्चार्ज कार्डावरच्या "ऑपरेशनच्या वेळी रिॲक्शन आली" या एका ओळीने पुढच्या भूलतज्ज्ञाला काहीच कळत नाही. तो मग सगळीच औषधं टाळायला बघतो, किंवा नेमकं तेच पुन्हा देतो. पत्राची एक प्रत घरी, एक फॅमिली डॉक्टरकडे, आणि फोटो मोबाईलमध्ये.